जुन्या संगणकाचा पंखा : बिघाड कसा ओळखावा?

आपल्या अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलावर एक काळा डेस्कटॉप संगणक आहे. २००९ साली बनलेला, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा, एका कार्यालयाने वापरातून काढल्यावर आपल्याकडे आलेला. त्याचे वय पाहता आता त्याला निवृत्त करावे असे अनेकांचे मत आहे आणि ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. तथापि दहा-बारा मुलामुलींचे अर्ज, टंकलेखनाचा सराव, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती हे सर्व आजही त्याच्यावरच चालते. मोबाइलवर अर्ज भरता येतो हे आम्हास मान्य आहे. पण फोटो आणि सही ठरावीक मापात कापून बसवायची वेळ आली की मुले पुन्हा याच टेबलाकडे येतात.

गेल्या मे महिन्यात एका नोकरभरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. दुपारी तीनच्या सुमारास एक मुलगी अर्ज भरत बसली होती. माहिती भरून झाली, सही चढली, फी भरण्याचे पान आले. तिने बटन दाबले आणि पडदा काळा झाला. संगणक पुन्हा सुरू केला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. फी तिच्या खात्यातून वजा झाली होती, पण अर्जाला ती जमा दिसेना. आम्ही बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे असे अडकलेले पैसे बहुधा काही दिवसांत परत येतात हे तिला ठामपणे सांगू शकलो. पण तारीख परत येत नाही. रात्री दहानंतर एका सायबर कॅफेत दुसऱ्यांदा फी भरून तिचा अर्ज पुरा झाला, तेव्हा मुदत संपायला एक तासही उरला नव्हता.

या प्रसंगानंतर आम्ही त्या संगणकाच्या मागे लागलो. आमची पदवी कला शाखेची, तंत्रशिक्षण काहीच नाही. म्हणून या लेखात जे सांगत आहोत ते हात काळे करून शिकलेले आहे, आणि ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो अशा कोणासही ते जमेल असा आमचा विश्वास आहे.

आमच्या चुका आधी सांगतो. प्रथम आम्हास वाटले की वीज कमी-जास्त होते, म्हणून यूपीएस बदलून पाहिला. फरक नाही. मग कोणी म्हणाले व्हायरस आहे. एक रविवार खर्ची घालून सारी यंत्रणा पुसून नव्याने भरली. फरक नाही. मग एका दुरुस्ती करणाऱ्याने कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगून नव्या संगणकाचा भाव ऐकवला. कीर्दीचा ताळा जुळत नसेल तर आपण पहिल्या नोंदीपासून पुन्हा पाहतो, नवी वही विकत आणत नाही. इथे मात्र आम्ही ती साधी गोष्ट विसरलो. बिघाड दुपारीच होतो, सकाळी सातला तोच संगणक दीड तास निमूट चालतो, हे मुलांनी आम्हास दोनदा सांगितले होते. त्या एका वाक्यात सगळे निदान होते.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसर जी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरवर पंखा तर नव्हताच, उष्णता शोषणारा धातूचा तुकडाही नव्हता. वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा तेवढा पुरे होता. पुढे ४८६ आणि १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर हीटसिंक आणि पंखा बसू लागले. २००४ च्या सुमाराचे काही पेंटियम-४ शंभर वॅटच्याही वर जात. पूर्वीच्या शंभरच्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिलेल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. इथे तेवढीच उष्णता टपाल तिकिटाएवढ्या जागेतून निघते. २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओचे बहुतेक सामान्य नमुने ६५ वॅटचे आहेत.

ही उष्णता एका वाटेने बाहेर जाते. प्रोसेसरकडून थर्मल पेस्टमध्ये, तेथून ॲल्युमिनियमच्या हीटसिंकमध्ये, त्याच्या पात्यांमधून पंख्याच्या वाऱ्यात, आणि तो वारा कॅबिनेटच्या मागून खोलीत. यातला एक दुवा तुटला तरी परिणाम तोच. म्हणून ‘पंखा फिरतो आहे ना?’ एवढ्यावर तपासणी थांबवू नये. आमचा पंखा फिरत होता, आणि त्यानेच आम्हास फसवले.

दुसरी गोष्ट, पंखा हवा थंड करीत नाही. खोलीतली हवा आहे तशीच हीटसिंकवरून फिरवतो. समजा खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ५५ वर असेल, तर तो खोलीपेक्षा ३० अंश वर आहे. तेच काम करताना खोली ४२ अंशांवर गेली की तो ७२ च्या आसपास जाणार. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. ज्या संगणकाची वाट धुळीने अर्धी बंद झाली आहे त्याला हिवाळ्यात निभावून नेता येते, वैशाखात नाही. सकाळचा आणि दुपारचा फरक तो हाच.

प्रोसेसर फार तापला तर तो आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर जळण्यापूर्वी संगणक एकदम बंद होतो. म्हणजे अचानक बंद पडणे हा आपल्या संगणकाचा दोष नव्हता, तो स्वतःला वाचवीत होता. त्याआधी काही आठवडे मुले ‘संगणक मंद झाला’ अशी तक्रार करीत होती, तीही याच कारणाने.

उघडण्याआधी पाहणे व ऐकणे

संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबली की बायोसचे पान उघडते. त्यात ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा ‘पीसी हेल्थ स्टेटस’ अशा नावाखाली प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे मिनिटाचे फेरे दिसतात. हे पान उघडे ठेवून दहा मिनिटे बसावे. आमच्या संगणकात पंखा मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेत होता आणि तरीही तापमान ५८ वरून चढत चढत ९० च्या पुढे गेले. पंखा जोरात आणि तापमानही चढते, याचा अर्थ वारा आहे पण उष्णता वाऱ्यापर्यंत पोचत नाही. याउलट फेरे शून्य किंवा फारच कमी दिसत असतील तर दोष पंख्यात किंवा त्याच्या जोडणीत. आणि तापमान ५०-६० वर स्थिर असूनही संगणक बंद पडत असेल तर पंख्याचा नाद सोडून वीजपुरवठ्याकडे वळावे.

काही संगणक सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ-१’ असा संदेश देऊन थांबतात. रोज एफ-१ दाबून पुढे जाण्याची सवय आम्ही अनेक ठिकाणी पाहिली आहे. तसे करू नये. पंखा खरोखर बंद असू शकतो. कधी मात्र पंखा ठणठणीत असतो आणि कोणीतरी त्याची पिन ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागेऐवजी कॅबिनेटच्या पंख्याच्या जागेवर लावलेली असते. बायोस पहिल्या जागेवर फेरे मोजायला जातो, तिथे काहीच नसते.

आवाजावरूनही बरेच कळते. थंडीत सकाळी सुरू करताच घरघर आणि पाच मिनिटांनी शांत, तर बेअरिंगचे तेल वाळत आले आहे. एकसारखी टकटक असेल तर एखादी वायर पात्याला लागते. जुन्या संगणकातल्या हार्डडिस्कच्या रुंद पट्टीसारख्या केबल या बाबतीत फार खोडकर असतात. सारे कॅबिनेट थरथरत असेल तर एखादा स्क्रू ढिला आहे. नुसता वाऱ्याचा मोठा सूं-सूं आवाज म्हणजे पंखा चांगला आहे, पण तापलेल्या प्रोसेसरमागे जीव तोडून धावतो आहे. आवाज नेमका कोठून येतो हे कळेना तर वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरे एकेका पंख्याजवळ धरावे, पात्यापासून चार बोटे दूर. हार्डडिस्कचा आवाज पंख्याचा समजून आमच्या एका सहकाऱ्याने दोन पंखे बदलले. तिसऱ्या आठवड्यात डिस्क गेली.

कॅबिनेट उघडताना

प्रथम संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि मग सुरू करण्याचे बटन एकदा दाबावे, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून मगच आत घालावा. एक डबा मात्र कधीही उघडू नये. मागच्या कोपऱ्यातला एसएमपीएस, म्हणजे जिथे भिंतीची वायर लागते तो. आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश विजेत रूपांतर होते आणि वायर काढल्यावरही काही काळ ती कपॅसिटरमध्ये साठून राहते. त्याचा पंखा फिरत नसेल तर तेल-बिल देण्याच्या फंदात न पडता पूर्ण एसएमपीएसच बदलावा. या एका बाबतीत काटकसर करू नये, मग कोणी कितीही अनुभवी का असेना.

बाकीचे पंखे बोटाने हलकेच फिरवून पाहावेत. चांगला पंखा चार-दोन फेरे घेऊन अलगद थांबतो. जड वाटला किंवा खरखर लागली तर बेअरिंग वाळले आहे. मधला गोल भाग धरून हलवल्यावर डुगडुगत असेल तर बेअरिंग झिजले, तो पंखा बदलावाच. वाळलेल्या साध्या बेअरिंगला तेल देऊन काही महिने काढता येतात: पंख्याच्या मधले स्टिकर अलगद उचलावे, खाली रबरी बूच असेल तर काढावे, आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक किंवा दोन थेंब सोडावेत. खोबरेल तेल घालू नये. ते थंडीत गोठते हे आपल्या घरातल्या बाटलीवरून ठाऊक आहेच. शिवाय धूळ धरून त्याचा चिकटा होतो. गंज सोडवण्याचे फवारेही नकोत, ते उरलेसुरले तेल धुऊन नेतात. ढकलल्याशिवाय सुरूच न होणाऱ्या पंख्यावर मात्र प्रयोग करू नयेत.

धूळ काढताना ब्लोअर वापरला तर पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत. वाऱ्याने पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वेगाने फिरला की बेअरिंग बिघडते. काम अंगणात करावे. आम्ही पहिल्यांदा अभ्यासिकेतच केले आणि सर्व पुस्तके पुन्हा पुसावी लागली. ब्लोअर नसल्यास रंगाचा कोरडा मऊ ब्रश पुरतो, वेळ लागतो एवढेच.

आता आमच्या संगणकात काय सापडले ते सांगतो. पंखा वरून अगदी स्वच्छ दिसत होता. तो चार स्क्रू काढून उचलला तेव्हा खाली, पंखा आणि हीटसिंकच्या मध्ये, वाकळेसारखा धुळीचा थर निघाला. तो अखंड, एका तुकड्यात निघाला. वारा त्याच्यावरच आपटून परत येत होता. आणि हीटसिंक हाताने हलवून पाहिला तर एका कोपऱ्यात तो हलला. या पद्धतीच्या, म्हणजे ७७५ सॉकेटच्या इंटेल हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक बोर्डात पूर्ण बसलीच नव्हती. कार्यालयातून आणताना सुटली की आधीपासून तशी होती, कोण जाणे. एक कोपरा उचलला गेल्याने हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकत नव्हता आणि मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती.

खुंटी सोडवताना तिच्या डोक्यावरील बाणाच्या दिशेने पाव फेरा द्यावा व वर ओढावे. चारही सुटल्यावर हीटसिंक किंचित पिळून मग उचलावा. ज्यांच्याकडे एएमडीचा जुना संगणक आहे त्यांनी येथे विशेष जपावे: त्यात वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंकबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटे संगणक चालवून पेस्ट थोडी नरम करावी आणि वायर काढून मग हे काम करावे.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसावी. नवी पेस्ट मध्यभागी छोट्या वाटाण्याएवढी पुरे. जास्त घातल्याने गारवा वाढत नाही, कडेने ओघळ येतात. पेस्टचे काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्याचे आहे. मग खुंट्या मूळ जागी फिरवून घ्याव्यात आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन एकामागून एक दाबाव्यात, नंतर उरलेल्या दोन. प्रत्येकीचा ‘टक’ असा आवाज यावा. आवाजावर विसंबू नये. बोर्डाच्या मागून दिसत असेल तर पांढरे पाय चारही भोकांतून बाहेर आलेत की नाही हे डोळ्यांनी पाहावे. हीटसिंक पुन्हा हलवून पाहावा; तो हलता कामा नये.

नवा पंखा घेण्याची वेळ आली तर जुना काढून दुकानात सोबत न्यावा. माप ८०, ९२ की १२० मिलिमीटर आणि पिना तीन की चार, एवढे जुळले पाहिजे. तीन पिनांत एक जमिनीची, एक १२ व्होल्टची आणि एक फेरे सांगणारी असते. चौथीवरून मदरबोर्ड वेग कमी-जास्त करतो. तीन पिनांचा पंखा चारच्या जागी बसतो, पण बहुधा पूर्ण वेगाने व आवाज करीत चालतो. वायरी तोडून जोडण्याचा मोह टाळावा. तीन पिनांच्या पंख्याच्या वायरींत बहुधा लाल म्हणजे १२ व्होल्ट आणि पिवळी म्हणजे फेऱ्यांची खूण. उलट एसएमपीएसच्या वायरींत पिवळी १२ व्होल्टची आणि लाल ५ व्होल्टची. रंगाला रंग जोडणारा माणूस इथे हमखास फसतो.

कॅबिनेटच्या मागचा पंखा हवा बाहेर फेकतो, पुढचा असल्यास आत घेतो. दिशा कळण्यासाठी चौकटीवर बाण असतो; नसला तर ज्या बाजूला स्टिकर व आधाराच्या काड्या आहेत त्या बाजूला वारा जातो हे लक्षात ठेवावे. आम्ही मागचा पंखा एकदा उलटा बसवला होता, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

एवढे सर्व करूनही तापमान उतरले नाही तर प्रोसेसरभोवतीचे छोटे गोल कपॅसिटर पाहावेत. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. फुगलेली किंवा तपकिरी डाग आलेली असतील तर मदरबोर्ड खरोखरच संपत आला आहे आणि त्यात पैसे घालू नयेत. सुदैवाने आमची सपाट होती.

काम झाल्यावर भर दुपारी पुन्हा बायोसचे पान उघडून बसलो. तापमान ५६ ते ५८ च्या दरम्यान राहिले आणि पंख्याचा वेग आपोआप खाली आला. खर्च पेस्टच्या नळीचा आणि अल्कोहोलच्या बाटलीचा, दोन्हींतले निम्म्याहून अधिक कपाटात शिल्लक आहे. कॅबिनेटची बाजूची झाकणपट्टी उघडी ठेवली तर अधिक गार राहील असे एका मुलाचे म्हणणे होते. तसे नेहमी होत नाही. पट्टी बंद असताना वारा पुढून मागे ठरलेल्या वाटेने जातो, उघडी असताना धूळ मात्र चोहोबाजूंनी येते.

जागाही बदलली. पूर्वी कॅबिनेट जमिनीवर, चपला काढण्याच्या जागेशेजारी होते आणि रोज झाडू त्याच्या तोंडासमोरूनच जाई. आता ते फूटभर उंच बाकावर आहे, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून. रेक्झिनचे आवरण संगणक बंद केल्यानंतर अर्ध्या तासाने घालायचे, सुरू असताना मुळीच नाही. वाळ्याच्या कूलरचे तोंड त्याच्याकडून वळवले आहे, कारण कूलरची ओलसर हवा धुळीला पात्यांवर चिकटवून बसवते. याबद्दल उन्हाळ्यात कुरकुर झाली, कारण आता कूलरचा वारा खिडकीजवळ बसणाऱ्याला कमी लागतो.

ती मुलगी सध्या त्याच टेबलावर टंकलेखनाचा सराव करते. तिची पहिली फी नवव्या दिवशी खात्यात परत आली. अभ्यासिकेच्या रजिस्टरमध्ये शेवटच्या पानावर आम्ही संगणकाच्या स्वच्छतेची नोंद सुरू केली आहे: तारीख, बायोसमधले तापमान, फेरे आणि काम करणाऱ्याची सही. सफाई दिवाळीनंतर एकदा आणि मार्चअखेरीस एकदा. मार्चअखेर आम्हास बँकेतून सुटका नसते, तेव्हा त्या दिवशी ब्लोअर धरण्यास दोघे जण लागतील. नावे ग्रंथपालांकडे द्यावीत.